विंडोज १० च्या मशीनवर लिनक्स बसवून देतो, पण दोन महिन्यांत लोक परत फॉरमॅट मारून घेतात. काय चुकतंय?

कळवा_खाडी

नमस्कार मंडळी,

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. तेव्हापासून कळव्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये आणि कोपरखैरण्यात एका अभ्यासिकेत महिन्यातला एक रविवार विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही सिस्टीम फुकट बसवून द्यायला ठेवलाय. येणारी मशीन एकाच साच्यातली: इंटेलची चौथी ते सातवी पिढी, आय-थ्री नाहीतर पेंटियम, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क. विंडोज ११ यांना दारातच अडवतं. आम्ही पूर्ण डिस्क पुसून मिंट २२ (लिनक्सचा एक प्रकार), सिनॅमन या डेस्कटॉपसह टाकतो, कारण दिवसात १०-१२ मशीन उरकायची असतात.

घेणारे म्हणजे सोसायटी ऑफिसातले मॅनेजर, क्लासवाले, निवृत्त मंडळी, झेरॉक्स-टायपिंगची दुकानं आणि स्पर्धा परीक्षेची मुलं. त्या दिवशी सगळे खूश असतात. दोन-तीन महिन्यांनी बघावं तर निम्म्याहून जास्त मशीनवर गल्लीतल्या रिपेअरवाल्याने चोरीचं विंडोज चढवलेलं. कारण विचारलं की "जमलं नाही", "स्लो होतं", "प्रिंट येईना", एवढंच.

माणूस निवडायचा कसा, पहिल्या दिवशी नेमकं काय करून द्यायचं आणि नंतर किती दिवस मागे राहायचं, हे सांगा. लिनक्स किती सुरक्षित, किती स्वतंत्र ही चर्चा इथे नको, त्यावर धागे पुष्कळ आहेत.

ऐरोली_पेंग्विन

तुमच्याच मजकुरात दोन चुका आहेत. एक "पूर्ण डिस्क पुसून", दुसरी "दिवसात १०-१२". चारच मशीन घ्या, पण चारही शेवटास न्या.

आधी निवड. मशीन उघडायच्या आधी माणसाला एकच विचारायचं: गेल्या महिन्यात या कॉम्प्युटरवर काय काय केलंत? "काय लागतं" असं विचारलं तर सगळे "इंटरनेट आणि वर्ड" म्हणतात. महिनाभराची कामं विचारली की खरं बाहेर येतं: मेंटेनन्सची बिलं टॅलीत, रिटर्न भरायला डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, लग्नपत्रिका कोरल ड्रॉमध्ये, जुनी पत्रं श्रीलिपीत. यातलं एकही रोजचं काम असेल तर त्या मशीनचं विंडोज काढू नका. टॅली वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवण्याचं साधन) उघडून दाखवता येतं, पण त्यावर कुणाचा हिशेब सोपवू नये. टोकनचं तर कंपनीगणिक वेगळं. काहींचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, काहींचे मिळाले तरी ज्या पोर्टलवर सही करायची तिथलं सॉफ्टवेअर अडतं. प्रत्यक्ष सही झाल्याशिवाय "चालतं" म्हणायचं नाही. एक्सेलची शीट असेल तर मॅक्रो (शीटमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्राम) आहेत का ते बघा. साधी सूत्रं लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस संचात बहुतेक चालतात, मॅक्रोवर उभी असलेली बिलाची शीट हमखास कुठेतरी फुटते.

ज्यांना नकार दिला तेही हातचे गेले असं नाही. त्यांच्या विंडोजवरच फायरफॉक्स, थंडरबर्ड, लिब्रेऑफिस, व्हीएलसी टाकून द्या आणि सहा महिन्यांनी बोलवा. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने हाच क्रम धरला होता: २००५ मध्ये ओपनऑफिस, २००६ मध्ये फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि २००८ पासून उबुंटू हे लिनक्स. खालची सिस्टीम बदलली तेव्हा वरचे प्रोग्राम सवयीचे झाले होते. आपण सगळं एकाच रविवारी बदलतो आणि मग माणूस गोंधळला की नवल करतो.

आता "स्लो". ४ जीबी आणि जुनी हार्डडिस्क असेल तर सिनॅमन टाका नाहीतर अजून काही टाका, ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की रॅम संपते, तिचा भार (स्वॅप) डिस्कवर जातो आणि मशीन गोठतं. दोष डिस्कचा, नाव लिनक्सचं. अडीच इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी, ७ मिमी जाडीची घ्यायला सांगा. ती न घेणाऱ्याचं मशीन हातात घेऊच नका. रॅम ८ करता आली तर सोनं. इथे एक खाच आहे: चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, दुकानदार डब्यातली जुनी १.५ व्होल्टची देतो आणि मशीन चालूच होत नाही. पट्टीवर "पीसी३एल" छापलेलं बघून घ्या. रॅम वाढत नसेल तर सिनॅमनऐवजी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप.

एसएसडी टाकली की परतीचा रस्ता आपोआप तयार होतो, आणि माझ्या मते टिकण्याचं सगळ्यात मोठं कारण हाच रस्ता आहे. विंडोज असलेली जुनी डिस्क पुसायची नाही. ती काढून, वर तारीख लिहून मालकाच्या हातात द्यायची. अडलंच तर चार स्क्रू आणि दहा मिनिटांत जुनं मशीन परत. डिस्क कपाटात आहे हे माहीत असलं की माणूस पहिल्या अडचणीला रिपेअरवाल्याकडे पळत नाही, दोन दिवस थांबतो. तेवढ्या दोन दिवसांत तुम्ही पोचायचं.

नौपाडा_टंकक

वरच्याशी सहमत. मराठीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय, कारण टायपिंगवाले आणि सोसायटीचे सचिव इथेच गळतात.

पहिला प्रश्न: मराठी कशी टाइप करता? तीन प्रकारचे लोक भेटतात. इनस्क्रिप्टवाल्यांचं (सरकारी प्रमाण मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांचं) सोपं आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट या टॅबवर जाऊन "मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट" जोडा आणि भाषा बदलायची कळ त्यांच्या सवयीची ठेवा. ळ शिफ्ट-एनवर, ऱ शिफ्ट-जेवर. "दुसऱ्या" लिहायला ऱ, मग डीवरचं हलंत, मग य. हे बसल्या बसल्या करून दाखवा. हा रफार-सदृश अर्धा र जमला नाही की माणूस "यात मराठी नीट येत नाही" असा निकाल देतो आणि तो निकाल पुढे अख्ख्या बिल्डिंगमध्ये फिरतो.

दुसरे गूगल इनपुटवाले. इंग्रजीत "namaskar" बडवायचं आणि खाली सुचलेला शब्द निवडायचा, ही सवय. (रोमन अक्षरांबद्दल संपादकांनी माफ करावं, "नमस्कार" समजून घ्या.) लिनक्सवर आयबस या टायपिंगच्या साधनात एम-१७-एन हे भाषांचं पॅकेज घातलं की मराठी आयट्रान्स आणि फोनेटिक मिळतं, पण ते अंदाज बांधत नाही, नियमाने चालतं. कॅपिटल आणि स्मॉल वेगळे: कॅपिटल एन म्हणजे ण, कॅपिटल एल म्हणजे ळ. पाच मिनिटांचा फरक आहे, तरी आधी सांगितला नाही तर रोज खटकतो. ज्यांना बदलायचंच नाही त्यांना क्रोममध्ये गूगल इनपुटचं एक्स्टेन्शन घालून द्या. ते फक्त ब्राउझरमध्ये चालतं, म्हणून पत्रंही गूगल डॉक्समध्ये लिहायला लावा.

तिसरे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवाले. त्या फायलींत मुळात मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत. फॉन्ट नसेल तिथे नुसती निरर्थक अक्षरं दिसतात. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि तक्ते तपासावेच लागतात. पाच-सहा वर्षांची अशी पत्रं रोज उघडायची असतील तर ऐरोलीकरांचा नियम लावा: विंडोज काढू नका.

मग लिब्रेऑफिस. टूल्स, ऑप्शन्स, भाषेचा विभाग. तिथे "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" वर खूण करून भाषा मराठी निवडा. हे न केल्यामुळे होणारा घोळ वेड लावतो: देवनागरी आणि रोमन मजकुराचे फॉन्ट आणि आकार आत वेगळे साठवले जातात. स्टाइलमध्ये वरच्या खान्यात फॉन्ट बदलला तर मराठी जागची हलत नाही, कारण तिचा खाना खाली आहे. डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलमध्ये दोन्ही खाने एकदाच भरून ठेवा. भाषा मराठी असली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात, लोहित देवनागरीत बघा. नाहीतर हिंदी वळणाचे येतात आणि जुने शिक्षक लगेच पकडतात.

मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट. लिनक्सवर तो नसतो, दुसरा लागतो, ओळी सरकतात, दोन पानांची नोटीस तिसऱ्या पानावर जाते. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करून, हा साधा नियम शिकवा. इंग्रजीसाठी कार्लिटो आणि कॅलेडिया टाका, त्यांची अक्षरांची रुंदी कॅलिब्री आणि कँब्रियाएवढीच ठेवलेली आहे. आणि लोड-सेव्हच्या सेटिंगमध्ये नेहमीचा प्रकार डॉकएक्स (वर्डचा) करा. नाहीतर ओडीटी (लिब्रेऑफिसची स्वतःची) फाइल व्हॉट्सॅपवर जाते, समोरच्याच्या फोनवर उघडत नाही आणि दोष पाठवणाऱ्यावर येतो.

अवांतर: मेनू मराठीत करून देण्याची हौस आवरा. एमएस-सीआयटी केलेल्या माणसाला "इन्सर्ट" आणि "फॉरमॅट" माहीत आहे, "समाविष्ट करा" शोधावं लागतं. मराठी मजकुरात हवी, मेनूत मागितली तरच.

तुर्भे_टोनर

प्रिंट येईना या दोन शब्दांत निम्मे लोक जातात, म्हणून थोडं सविस्तर.

शिबिराला येताना प्रिंटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो आणायला सांगा. नुसतं "एचपीचा आहे" चालत नाही.

कॅनन एलबीपी २९००: आपल्याकडे दर दुसऱ्या ऑफिसात हाच. याची भाषा कॅप्ट (कॅननची स्वतःची), कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर जुना, ३२-बिट लायब्ररींवर लटकलेला. आज बसतो, रीस्टार्टनंतर त्याची मागे चालणारी सेवा उठत नाही आणि कामं रांगेत पडून राहतात. मुक्त ड्रायव्हरचा प्रकल्प आहे, पण ज्याला रोज पावत्या काढायच्या त्याच्या गळ्यात तो मारू नये. हा प्रिंटर ज्याच्याकडे आहे त्याला सरळ नाही म्हणा, किंवा तो ऑफिसातल्या दुसऱ्या विंडोज मशीनलाच राहू द्या आणि पीडीएफ तिकडे पाठवू दे.

एचपी लेसरजेट १०२०, पी१००७, पी१००८, एम१००५: चालतात, पण एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं वेगळं प्लगिन लागतं. १०२० तर स्वतःचं फर्मवेअर साठवतच नाही, दरवेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते भरायचं असतं. गंमत अशी की यूएसबी लावल्याबरोबर सिस्टीम स्वतःच प्रिंटर जोडते, प्लगिनशिवाय. काम पाठवलं की "पूर्ण" दाखवतं आणि कागद येत नाही. आपोआप जोडलेली नोंद काढा, एचपीलिपच्या टूलमधून परत जोडा, ते प्लगिन उतरवेल, तेव्हा इंटरनेट हवं. प्लगिनची आवृत्ती एचपीलिपशी तंतोतंत जुळावी लागते. मोठ्या अपग्रेडनंतर प्रिंट अचानक बंद पडली तर आधी हेच बघायचं.

एप्सन एल मालिका: टाकीवाले बहुतेक ईएससी/पी-आर ड्रायव्हरवर निमूट चालतात. स्कॅनिंगसाठी एप्सन स्कॅन २ वेगळं टाका. गेल्या काही वर्षांतल्या, फोनवरून छापणाऱ्या वायफाय प्रिंटरला बहुतेक ड्रायव्हरच लागत नाही.

कागद! प्रदेश अमेरिका राहिला तर डीफॉल्ट लेटर असतो आणि ए-४ वर खालची ओळ कापली जाते. भाषेच्या सेटिंगमध्ये रीजन इंडिया करा, प्रिंटरच्या गुणधर्मांत ए-४ करा, लिब्रेऑफिसच्या कोऱ्या पानातही बघा. तीन ठिकाणं आहेत, एकही सोडू नका. मग एक पान प्रत्यक्ष छापून त्याच्या हातात द्या. चाचणीचं रंगीत पान नको, त्याचंच लेटरहेड, त्याचीच पावती.

कळवा_खाडी

खूप उपयोगी. एलबीपी २९०० बद्दल वाचून दोन-तीन परतलेल्यांचा उलगडा झाला. दोन शंका: (१) काही लोक दोन्ही सिस्टीम एकाच डिस्कवर मागतात, द्यावं का? (२) नंतरची देखभाल कशी बांधायची? सध्या एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे, त्यात शंभर गुड मॉर्निंग आणि मध्ये एक प्रश्न.

घोडबंदर_रूट

दोन्ही सिस्टीम: द्या, पण फक्त जिथे ऐरोलीकरांच्या यादीतलं काम आठवड्या-पंधरवड्यातून एकदा निघतं तिथे. रोज निघत असेल तर तो माणूस रोज विंडोजमध्येच राहणार आणि लिनक्सच्या विभाजनावर धूळ बसणार.

हे करायच्या आधी विंडोजमध्ये तीन गोष्टी. एक, फास्ट स्टार्टअप बंद. नाहीतर शटडाउन म्हणजे अर्धी झोपच असते आणि लिनक्समधून ती डिस्क फक्त वाचता येते, फाइल सेव्ह होत नाही. दोन, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का, आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर. तीन, वनड्राइव्ह. ज्या फायलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या डिस्कवर नसतातच, फोल्डर कॉपी केलं म्हणून बॅकअप झाला असं समजू नका. नंतर घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे होईल, कारण विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक. लिनक्सलाच स्थानिक वेळ धरायला सांगून मोकळं व्हा. क्षुल्लक वाटतं, पण घड्याळ चुकलं की बँकेची साइट प्रमाणपत्राची तक्रार करते आणि फोन तुम्हाला येतो.

मशीन कोणतंही असो, आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंट आणि झाकण बंद करून उघडल्यावर जागं होणं, हे पाच बघा. झाकणाचं सगळे विसरतात. वायफाय दिसत नसेल तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, सुचवलेला ड्रायव्हर टाका.

देखभाल. टाइमशिफ्ट (सिस्टीमची जुनी स्थिती परत आणणारं साधन) पहिल्याच दिवशी चालू करा, पण दोन रोजचे आणि एक आठवड्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या स्थितीची प्रत, बस. जास्त ठेवले तर छोटी एसएसडी भरते, आणि डिस्क शंभर टक्के भरली की लॉगिनच होत नाही. टाइमशिफ्ट सिस्टीम सांभाळतं, फोटो आणि पत्रं नाही, हे त्याला दोनदा सांगा. अपडेट मॅनेजरमध्ये अपडेट आपोआप आणि जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) काढणं आपोआप, दोन्हीवर खूण. पासवर्ड नको म्हणून ऑटो-लॉगिन केलं तर क्रोम उघडताच कीरिंगचा (साठवलेल्या पासवर्डांच्या तिजोरीचा) पासवर्ड मागतो आणि लोकांना व्हायरस वाटतो. त्यापेक्षा छोटा पासवर्ड ठेवा.

तारखा ठरवा: तिसरा, दहावा आणि तिसावा दिवस. फोन तुम्ही करायचा. "सगळं ठीक ना?" असं विचारलं तर "हो" येतं. "शेवटची प्रिंट कधी काढली? मराठी पत्र लिहिलं का?" असं विचारा. तिसऱ्या दिवशी वायफाय आणि प्रिंट निघतं, दहाव्याला फाइल पाठवण्याचं, तिसाव्याला महिन्याचं काम: बिलं, फी, हिशेब. तिसावा पार केला तो सहसा टिकतो.

ग्रुपमध्ये मदत करणाऱ्यांना एक नियम लावा: टर्मिनलची (टाइप करून द्यायची) आज्ञा पाठवायची नाही. तिघं तीन वेगळ्या आज्ञा देतात, माणूस तिन्ही चिकटवतो आणि जे चालत होतं तेही मोडतं. माऊसने होणारा उपाय, नाहीतर पुढच्या रविवारी मशीन घेऊन या.

आणि कृपा करून सगळ्यांना एकच मिंट, एकच आवृत्ती, एकच पॅनल. मदत करणारे चार जण चार डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) टाकतात, मग एकाचं दुसऱ्याला सोडवता येत नाही. सवयीची मांडणी हलवली की लोक उठून जातात, हे मोठ्यांनीही भोगलंय. लिनक्सच्या डेस्कटॉपांचंच बघा: २००८ मध्ये केडीई ४.० अर्धकच्चं आलं, २०११ मध्ये ग्नोम ३ आणि उबुंटूचं युनिटी आलं, आणि मिंटकडे लोक वळले ते बरेचसे तेव्हाच. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. तोवर काही हलवू नका, वॉलपेपरसुद्धा विचारून.

ऐरोली_पेंग्विन

घोडबंदरकरांना +१, एक भर घालून. दिसण्याचा सारखेपणा लोक फार मनावर घेतात, विंडोजसारखी थीम लावून देतात. स्टार्ट मेनू डावीकडे खाली असला की पुरे. हुबेहूब विंडोज दिसलं तर माणूस बाहेरून उतरवलेली ईएक्सई फाइल उघडत बसतो आणि ती चालत नाही म्हणून वैतागतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एक प्रोग्राम त्याच्या हाताने टाकून घ्या.

म्युनिच या जर्मन शहराच्या पालिकेचं उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून आधीच: २००३ मध्ये लिनक्स आणायचं ठरवलं, वर्षानुवर्षं हजारो मशीन बदलली आणि २०१७ मध्ये परत विंडोजचा निर्णय झाला. त्याला राजकारणही होतं, पण बाहेरच्यांशी कागदपत्रांची देवाणघेवाण हे दुखणं कायम राहिलं. केरळच्या शाळांत उलट झालं. शिक्षकांचं प्रशिक्षण, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा, तिन्ही मुक्त सॉफ्टवेअरवरच, त्यामुळे मुलाला दुसरीकडे पळायचं कारणच उरलं नाही. आपल्या हातात परीक्षा नाही, पण अभ्यासिका आहे. कोपरखैरण्याची सगळी मशीन एकसारखी करा, तिथून सुरुवात.

कळवा_खाडी

अभ्यासिकेतल्या मुलांचं एक राहिलं. घरून द्यायच्या ऑनलाइन परीक्षा?

घोडबंदर_रूट

फॉर्म भरणं, हॉल तिकीट, व्हिडिओ लेक्चर, पीडीएफ सगळं ब्राउझरमध्ये होतं, अडचण नाही. देखरेखीचं सॉफ्टवेअर उतरवायला लावणाऱ्या परीक्षा मात्र बहुतेक फक्त विंडोज आणि मॅकवर चालतात, व्हर्च्युअल मशीन (लिनक्सच्या आत चालवलेलं विंडोज) ओळखून बाहेर काढतात. अभ्यासिकेत एक मशीन विंडोज ११ चालणारं ठेवा, परीक्षेपुरतं. तेवढं नसेल तर विंडोज १० च्या एका मशीनला वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा, घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे.

तुर्भे_टोनर

आणि त्या मशीनला एलबीपी २९०० जोडून टाका. ज्यांना नाही म्हणालात त्यांच्या पावत्या तिथून निघतील.